सूक्ष्म सृष्टीचा शोधक : लुई पाश्चर

घरात रोज घडणाऱ्या गोष्टींचे आपल्याला नवल वाटत नाही. रात्री कोमट दुधाला विरजण लावावे, तो सकाळी त्याचे घट्ट दही झालेले असते. आंबोळीचे पीठ भिजवून ठेवावे, तर ते रात्रीतून फुगून वर येते. गोमंतकातील पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पावाचे पीठ फुगवीत असत. हजारो वर्षे माणसाने या आंबण्याचा उपयोग करून घेतला. परंतु पदार्थ आंबविणारे कोण, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. ज्या थोर पुरुषांनी हे कोडे उलगडले, त्यांत लुई पाश्चर यांचे नाव अग्रभागी आहे. यीस्टच्या, म्हणजेच किण्वाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पेशीपासून त्यांनी आरंभ केला आणि अखेरीस माणसाला भयंकर रोगांपासून वाचविण्याचा मार्ग दाखविला.

फ्रान्स देशाच्या पूर्व भागात ज्यूरा नावाची डोंगराळ भूमी आहे. तेथील दोल या गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी लुईचा जन्म झाला. त्याचे वडील झाँ-जोसेफ हे एके काळी नेपोलियनच्या सैन्यात होते. शौर्याबद्दल त्यांना मानचिन्हही मिळाले होते. सैन्य सोडल्यावर ते कातडी कमावण्याचा धंदा करू लागले. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या गावी येऊन राहिले. घराशेजारून नदी वाहत होती आणि घरातच कातडी भिजविण्याचे हौद होते. वडिलांचे स्वतःचे शिक्षण थोडे झाले होते. म्हणूनच आपल्या मुलाने शिकून मोठे व्हावे, अशी त्यांना तळमळ लागून राहिली होती.

लुई लहानपणी फार हुशार विद्यार्थी म्हणून ओळखला जात नसे. तो हळूहळू, पण नीट समजून घेऊन शिके. चित्रे काढण्याचा मात्र त्याला विलक्षण छंद होता. आईचे, वडिलांचे, शेजाऱ्यांचे चेहरे तो रंगीत खडूंनी हुबेहूब उतरवी. समोरची वस्तू बारकाईने न्याहाळण्याची सवय त्याला या छंदामुळेच लागली असावी. ही सवय पुढे प्रयोगशाळेत त्याच्या फार उपयोगी पडली.

त्याच्या बालपणीची एक घटना सांगण्यासारखी आहे. १८३१ साली आर्ब्वाच्या परिसरात एक पिसाळलेला लांडगा शिरला आणि त्याने अनेक माणसांना चावे घेतले. त्या काळी यावर औषध नव्हते. चावलेल्या जागी तापून लाल झालेल्या लोखंडाने डाग देणे, एवढाच उपाय लोक करीत. गावातील लोहाराच्या दुकानी असे डाग दिले गेले. तरीही कित्येक माणसे तडफडून मेली. त्या वेळी लुई आठ वर्षांचा होता.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास लुईला शिक्षणासाठी पॅरिसला पाठविण्यात आले. परंतु घरची आठवण त्याला इतकी सतावू लागली, की थोड्याच दिवसांत वडिलांना जाऊन त्याला परत आणावे लागले. त्यानंतर तो घराजवळच्या बझांसाँ शहरी शिकला. पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत १८४२ साली तो उत्तीर्ण झाला. पण आपला क्रमांक खालचा आहे, हे पाहून त्याने तो प्रवेश नाकारला. एक वर्ष अधिक अभ्यास करून तो पुन्हा परीक्षेस बसला आणि या वेळी वरच्या क्रमांकाने प्रविष्ट झाला. अर्धवट यशावर समाधान मानावयाचे नाही, हा त्याचा बाणा येथूनच दिसू लागतो.

चिंचेला आंबटपणा देणारे टार्टारिक आम्ल द्राक्षांतही असते. मद्याच्या पिंपांच्या तळाशी त्याचा साका बसतो. या आम्लाचा एक जुळा भाऊ शास्त्रज्ञांना सापडला होता. रासायनिक घटक पाहावेत तर दोघांचे अगदी सारखे. परंतु पहिल्याच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश सोडला असता तो एका बाजूला वळे, तर दुसऱ्याच्या द्रावणातून तो मुळीच वळत नसे. असे का व्हावे? १८४८ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, पाश्चरने या दुसऱ्या आम्लाच्या क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्याला आढळले, की ते स्फटिक दोन प्रकारचे आहेत. आपला उजवा आणि डावा हात जसे एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असतात, तसेच ते होते. त्याने चिमट्याने एकेक स्फटिक उचलून त्यांच्या दोन राशी केल्या. एका राशीचे द्रावण प्रकाशाला उजवीकडे वळवी, दुसरीचे डावीकडे. दोन्ही सम प्रमाणात मिसळले, की प्रकाश सरळ जाई. झाँ-बातिस्त ब्यो या वयोवृद्ध शास्त्रज्ञाला हे प्रथम खरे वाटेना. त्याने पाश्चरला आपल्या देखत प्रयोग पुन्हा करावयास लावला. तो जसाच्या तसा सिद्ध झाला, तेव्हा त्या वृद्ध पंडिताचा आनंद गगनात मावेना. त्या दिवसापासून तो पाश्चरचा आधारस्तंभ बनला.

या शोधातून पाश्चरच्या मनात एक विचार रुजला. अशी एका बाजूला झुकणारी घडण सजीवांच्या हातून तयार झालेल्या द्रव्यांत वारंवार आढळते. पुढे आंबविलेल्या द्रव्यांतूनही प्रकाशाला वळविणारे पदार्थ त्याला मिळाले. मग आंबण्याची क्रियादेखील एखाद्या सजीवाचेच कार्य नसेल कशावरून?

१८४९ साली पाश्चर स्ट्रासबुर्ग येथे प्राध्यापक झाले. तेथेच त्यांचा मारी लोरां या सुशील मुलीशी विवाह झाला. मारीबाईंनी आयुष्यभर पतीची टिपणे उतरून घेतली आणि त्यांच्या प्रयोगांच्या वेळा सांभाळल्या. १८५४ साली पाश्चर लील या उद्योगनगरीतील विज्ञानशाखेचे प्रमुख झाले. तेथे बिटाच्या रसापासून मद्यार्क काढण्याचे कारखाने होते. १८५६ साली बिगो नावाचे एक कारखानदार त्यांच्याकडे आले. त्यांच्या काही हौदांत मद्यार्क नीट तयार होई, तर काही हौदांतील रस नासून आंबट होई. त्यामुळे त्यांचे फार नुकसान होत होते. पाश्चर रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. मद्यार्काच्या कारखान्याचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता. तरी ते रोज कारखान्यात जाऊ लागले. निरनिराळ्या हौदांतील रस बाटल्यांत भरून आणून ते त्याचा एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले.

चांगल्या हौदातील थेंबात त्यांना गोल व अंडाकृती कण दिसले. काही कणांच्या अंगाला लहान कळी फुटावी तसा फुगवटा आलेला होता. ते यीस्ट होते. नासलेल्या हौदातील थेंबात मात्र त्यांना निराळीच सृष्टी दिसली. त्यात यीस्टपेक्षा पुष्कळच लहान, काडीसारखे असंख्य जीव होते. जेथे हे काडीसारखे जीव, तेथे मद्यार्काऐवजी लॅक्टिक आम्ल, म्हणजे नासलेल्या दुधातील आंबट द्रव्य, तयार झालेले असे.

यीस्टचा कण म्हणजे एक स्वतंत्र पेशी होय. ती इतकी लहान असते, की एका मिलिमीटरच्या अंतरात अशा शंभर ते दोनशे पेशी ओळीने मावतील. तिला बाहेरून भक्कम भिंत असते आणि आत जीवनाचे सर्व व्यवहार चालतात. अनुकूल अन्न मिळाले, की तिच्या अंगावर कळी फुटते; ती कळी वाढून वेगळी होते आणि एकीच्या दोन पेशी होतात. साखर हे तिचे आवडते अन्न. तिच्यापासून ही पेशी मद्यार्क आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार करते. पावाचे पीठ फुगते, ते या वायूच्या बुडबुड्यांमुळेच.

यीस्ट प्रथम पाश्चर यांनीच पाहिले, असे मात्र नाही. हॉलंडमधील लेव्हेनहूक याने आपल्या भिंगातून ते १६८० साली पाहिले होते. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत श्वान व क्यूट्झिंग या तिघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, यीस्ट हे सजीव आहे असे प्रतिपादन केले होते. पण त्या वेळच्या बड्या रसायनशास्त्रज्ञांना ते मुळीच पटले नाही. लीबिग या प्रख्यात जर्मन शास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की यीस्ट कुजू लागले म्हणजे त्याच्या कणांची चळवळ होते, ती साखरेलाही लागते, आणि त्यामुळे साखर मोडते. यीस्टच्या जीवनामुळे नव्हे, तर त्याच्या मरणामुळे आंबण्याची क्रिया होते, असाच या म्हणण्याचा अर्थ होता. १८३९ साली तर लीबिग व त्याचा मित्र व्होलर यांनी यीस्ट सजीव मानणाऱ्यांची टर उडविणारा एक निनावी लेखही छापला. लीबिगचा दरारा एवढा मोठा होता, की त्याच्याविरुद्ध बोलण्यास सहसा कोणी धजत नसे.

अशा वादात केवळ मोठ्याने बोलून काही सिद्ध होत नाही. पाश्चर यांनी एक साधाच, पण निर्णायक प्रयोग योजला. त्यांनी शुद्ध पाण्यात साखर, अमोनियाचा एक क्षार आणि यीस्ट जाळून उरलेली थोडी राख एवढीच द्रव्ये घातली. या पाण्यात कुजण्यासारखे प्रथिनयुक्त द्रव्य यत्किंचितही नव्हते. मग त्यांनी त्यात टाचणीच्या डोक्याएवढे ताजे यीस्ट सोडले. काय झाले? यीस्ट कुजले नाही. उलट ते वाढले, त्याला कळ्या फुटल्या, आणि साखरेचा मद्यार्क होऊ लागला. जेथे कुजण्यास काही नव्हतेच, तेथेही आंबण्याची क्रिया झाली, आणि यीस्टच्या वाढीबरोबर झाली. लीबिगच्या मताचा पायाच यामुळे ढासळला. १८५७ साली लॅक्टिक आम्लाविषयी आणि १८६० साली मद्यार्काविषयी पाश्चर यांनी आपले विस्तृत निबंध प्रसिद्ध केले. प्रत्येक आंबण्याच्या क्रियेमागे तिचा विशिष्ट सूक्ष्म जीव असतो, हा सिद्धांत त्यांनी मांडला.

पुढच्याच वर्षी त्यांना आणखी एक विलक्षण गोष्ट आढळली. भरपूर हवा मिळाली, तर यीस्ट झपाट्याने वाढते, पण साखर थोडीच खर्च करते. हवा मिळेनाशी झाली, की ते सावकाश वाढते आणि पुष्कळ साखरेचा मद्यार्क करते. हवेतील प्राणवायू नसतानाही जीवन चालू शकते, ही कल्पना त्या काळी अगदी नवीन होती.

एवढे झाल्यावर एक मोठा प्रश्न पुढे उभा राहिला. हे सूक्ष्म जीव येतात कोठून? घाणीतून वा कुजक्या द्रव्यातून जीव आपोआप उत्पन्न होतात, असा पुष्कळांचा समज होता. फेलिक्स पूशे हा निसर्गशास्त्रज्ञ तर प्रयोगांच्या आधारे तसे आग्रहाने सांगत होता. पाश्चर यांनी काचेचे चंबू घेतले, त्यांत पोषक द्रव भरला आणि त्यांच्या माना तापवून हंसाच्या मानेसारख्या लांब व वाकड्या ओढल्या. मग द्रव उकळून त्यातील जीव मारून टाकले. मानेचे तोंड उघडेच होते. हवा आत जात होती. परंतु हवेतील धूळ त्या वळणावरच अडकून पडे. असे चंबू महिनोन्महिने स्वच्छ राहिले. मान मोडून टाकली किंवा द्रव त्या वळणापर्यंत नेऊन परत आणला, की थोड्याच दिवसांत तो गढूळ होई. १८६० साली त्यांनी बंद चंबू डोंगरावर नेऊन निरनिराळ्या उंचीवर उघडले. आल्प्समधील हिमनदीजवळ उघडलेल्या वीस चंबूंपैकी केवळ एकच नासला. खालच्या गावाकडे उघडलेल्या वीसांपैकी आठ नासले. जेथे धूळ कमी, तेथे जंतूही कमी, हे यावरून स्पष्ट झाले. जंतू जंतूंपासूनच उत्पन्न होतात.

या ज्ञानाचा व्यवहारात लगेच उपयोग झाला. फ्रान्समधील मद्य साठवणीत बिघडत असे. ते बंद बाटलीत पन्नास ते साठ अंश सेल्सियसपर्यंत थोडा वेळ तापविले, तर बिघडविणारे जंतू मरतात आणि चवही फारशी बदलत नाही, असे पाश्चर यांनी दाखविले. पुढे हीच रीत दुधासाठी वापरण्यात आली. दूध त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास किंवा बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच थंड केले, की त्यातील रोगजंतू नष्ट होतात. या क्रियेला पाश्चरीकरण म्हणतात. दुधाच्या पिशवीवर हा शब्द आपण पाहतोच.

१८६५ साली दक्षिण फ्रान्समधील रेशमाच्या किड्यांवर रोगाची साथ पसरली होती. हजारो कुटुंबे देशोधडीस लागण्याची वेळ आली होती. पाश्चर यांनी तोवर रेशमाचा किडा हातातही धरला नव्हता. तथापि गुरुवर्य द्यूमा यांच्या विनंतीला मान देऊन ते आले या गावी गेले. हा काळ त्यांच्या कसोटीचा होता. मोठी मुलगी झान विषमज्वराने १८५९ साली, वयाच्या नवव्या वर्षी, वारली होती. आता १८६५ च्या जूनमध्ये वडील गेले, सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची कामीय गेली आणि पुढच्या वर्षी बारा वर्षांची सेसील विषमज्वराने हिरावून नेली. पाच मुलांपैकी तीन मुली अशा डोळ्यांदेखत गेल्या. पाश्चर काम सोडून बसले नाहीत. दुःख गिळून ते पुन्हा किड्यांच्या टोपल्यांपाशी जाऊन बसत.

१९ ऑक्टोबर १८६८ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची डावी बाजू लुळी पडली. ते जगतील, अशी कोणालाच खात्री नव्हती. परंतु अंथरुणावर पडल्या पडल्या ते रेशमाच्या किड्यांविषयीची टिपणे सांगून लिहवून घेऊ लागले. तीन महिन्यांतच ते पुन्हा आलेच्या परिसरात दाखल झाले. डावा हात व पाय पुढे कधीच पूर्ण बरे झाले नाहीत. अंडी घातल्यानंतर मादी पतंगाचे शरीर सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे, त्यात रोगाचे कण दिसले तर तिची अंडी जाळून टाकावी, हा सोपा उपाय त्यांनी शेतकऱ्यांना शिकविला. रोग न झालेल्या माद्यांच्याच अंड्यांपासून पुढची पैदास होऊ लागली आणि तो धंदा सावरला.

द्रव बिघडविणारे जंतू असतात, किड्यांना रोग आणणारे जंतू असतात. मग जनावरांना आणि माणसांना होणाऱ्या रोगांचे काय? हा पुढचा प्रश्न होता. स्कॉटलंडमध्ये सर्जन जोसेफ लिस्टर यांनी पाश्चर यांचे निबंध वाचून जखमा कार्बोलिक आम्लाने धुण्यास आरंभ केला होता, आणि शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांची संख्या घटली होती. १८७९ च्या सुमारास पाश्चर यांना आढळले, की कोंबड्यांच्या पटकीचे जंतू प्रयोगशाळेत बराच काळ तसेच राहू दिले, तर ते दुबळे होतात. असे दुबळे जंतू टोचलेल्या कोंबड्या थोड्याशा आजारी होतात, पण मग तोच रोग त्यांना सहसा होत नाही. जेन्नर यांच्या देवीच्या लसीमागील तत्त्व असे हाती आल्यावर इतर रोगांवरही लस करण्याची वाट मोकळी झाली.

१८८१ साली पूयी-ल-फोर या गावी त्यांनी अँथ्रॅक्स, म्हणजे आपले पशुपालक ज्याला फाशी म्हणतात, त्या रोगावरील लसीचा जाहीर प्रयोग केला. चोवीस मेंढ्या, एक शेळी आणि सहा गाईगुरे यांना लस टोचण्यात आली. तितक्याच मेंढ्या, एक शेळी आणि चार गुरे लसीवाचून ठेवण्यात आली. ३१ मे रोजी सर्वांना रोगाचे जहाल जंतू टोचले. २ जून रोजी लोकांची झुंबड उडाली. लस टोचलेल्या मेंढ्या चरत होत्या. लस न टोचलेल्या मेंढ्यांपैकी बहुतेक मरून पडल्या होत्या आणि उरलेल्या त्याच दिवशी मेल्या.

या प्रयोगाबाबत एक गोष्ट पुढे उघड झाली. पाश्चर यांच्या टिपणवह्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांना पाहावयास मिळाल्या. त्यांवरून दिसून आले, की त्या दिवशीची लस त्यांनी जाहीर केलेल्या, हवेच्या साहाय्याने जंतू दुबळे करण्याच्या रीतीची नव्हती. त्यांचे सहकारी शांबेरलां यांनी एका रासायनिक द्रव्याच्या साहाय्याने ती तयार केली होती. तूलूझचे पशुवैद्य तूसें यांच्या रीतीशी ती जवळची होती. तूसें यांना त्यांच्या वाट्याचे श्रेय त्या वेळी मिळाले नाही. लस गुणकारी होती, यात शंका नाही. परंतु सत्य जसेच्या तसे सांगणे हा विज्ञानाचा धर्म आहे, आणि थोर पुरुषाकडूनही तो क्वचित पाळला जात नाही. मोठ्यांच्या चरित्रातून त्यांचे गुण घ्यावेत, त्यांचे दोषही डोळसपणे पाहावेत.

यानंतर पाश्चर पिसाळलेल्या जनावरांच्या दंशाने होणाऱ्या अलर्क रोगाकडे वळले. या रोगाचे विष इतके सूक्ष्म, की त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नसे. तरी पाश्चर व त्यांचे सहकारी रू यांनी मार्ग काढला. रोगाने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू काढून तो कोरड्या हवेच्या बाटलीत टांगून ठेवला, तर दिवसेंदिवस त्यातील विष दुबळे होत जाते. असा मज्जारज्जू द्रवात वाटून, आधी अगदी दुबळा, मग क्रमाक्रमाने जहाल, असा टोचत गेल्यास कुत्र्यांचा बचाव होतो, असे त्यांना आढळले.

६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातून एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पाश्चर यांच्या दारी आली. जोसेफ माइस्टर हे त्याचे नाव. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. पाश्चर पेचात पडले. लस न टोचावी, तर हा मुलगा मरण्याची दाट शक्यता. टोचावी, तर माणसांवर तिची खात्रीलायक परीक्षा झालेली नाही. लशीनेच मुलाला काही झाले तर? शिवाय पाश्चर डॉक्टर नव्हते. त्यांना रोग्याला सुई टोचण्याचा अधिकारही नव्हता. त्यांनी व्ह्यूल्पियां व ग्रांशे या दोन वैद्यांना मुलाची प्रकृती दाखविली. दोघांनीही लस द्यावी असे मत दिले. त्याच संध्याकाळी डॉ. ग्रांशे यांनी पहिली सुई टोचली. पुढे दहा दिवसांत एकूण तेरा सुया देण्यात आल्या. शेवटच्या सुया सर्वांत जहाल होत्या. मुलगा खुशाल खेळत होता. पण पाश्चर यांना रात्र रात्र झोप येत नसे. जोसेफ सुखरूप राहिला. मोठेपणी तो पाश्चर यांच्याच संस्थेचा द्वारपाल झाला.

प्रत्येक वेळी यश आले, असे नाही. त्याच वर्षी एका दहा वर्षांच्या मुलीला चावल्यानंतर महिना उलटून गेल्यावर आणण्यात आले. आता उशीर झाला आहे, लस लागू पडणार नाही आणि अपयश आल्यास टीकाकारांना आयतेच निमित्त मिळेल, हे पाश्चर यांना कळत होते. तरीही आईबापांच्या विनवणीपुढे त्यांना नाही म्हणवले नाही. ती मुलगी वाचली नाही. आपल्या कीर्तीपेक्षा एका मुलीच्या जगण्याची अंधुक आशा त्यांना मोलाची वाटली.

आज अलर्कावर याहून शुद्ध आणि सुरक्षित लसी मिळतात. कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने ताबडतोब पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही, हे तेव्हाइतकेच आजही खरे आहे.

लोकांनी दिलेल्या देणग्यांतून पॅरिस येथे पाश्चर संस्था उभी राहिली. १४ नोव्हेंबर १८८८ रोजी तिचे उद्घाटन झाले. २७ डिसेंबर १८९२ रोजी पाश्चर यांचा सत्तरावा वाढदिवस सॉर्बॉन विद्यापीठात साजरा झाला, तेव्हा लिस्टर मुद्दाम इंग्लंडहून आले होते. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ पाश्चर यांनी देह ठेवला. त्यांचे दफन त्यांच्या संस्थेतच करण्यात आले आहे.

या संस्थेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचला. तिच्या ग्रंथालयात काम करीत संशोधन करणारे वाल्डेमार हाफकिन १८९३ साली भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा त्यांनी तेथे अहोरात्र खपून प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

यीस्टचा अभ्यास पाश्चर यांच्याबरोबर संपला नाही. १८९७ साली एड्वार्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून त्यांचा रस काढला आणि पेशी नसतानाही त्या रसाने साखरेचा मद्यार्क होतो, हे दाखविले. आंबण्याची क्रिया घडविणारी द्रव्ये, म्हणजे वितंचके, सजीव पेशी निर्माण करते. पण पेशीबाहेरही ती आपले काम करू शकतात. पाश्चर यांना केवळ पेशी दिसली होती आणि लीबिग यांना केवळ रसायन; सत्यात दोहोंनाही स्थान होते. १९९६ साली यीस्टच्या आनुवंशिक द्रव्याची संपूर्ण मांडणी शास्त्रज्ञांनी वाचली. त्यात सुमारे सहा हजार जनुके आहेत. पेशी कशी विभागते, याचा यीस्टवर केलेला अभ्यास माणसाच्या पेशींनाही लागू पडला आणि २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९८६ साली तर यीस्टच्या पेशींकडूनच कावीळ ब या रोगावरील लस तयार करून घेण्यात आली. यीस्ट आणि लस हे पाश्चर यांच्या आयुष्याचे दोन विषय अशा रीतीने एकत्र आले.

आज जीवभौतिकी नावाच्या शास्त्रात भौतिकशास्त्राची साधने घेऊन पेशींची मोजमापे केली जातात. यीस्टची भिंत किती ताठ आहे, तिला किती बळाने दाबता येते, हे अतिसूक्ष्म टोकाच्या सुईने पाहिले जाते. केसाच्या शेकडो पट बारीक तंतूंचा मांडव विणून, वेल चढवावी तशा त्यावर माणसाच्या पेशी वाढवावयाच्या आणि भाजलेल्या किंवा झिजलेल्या अवयवाचे ऊतक पुन्हा घडवावयाचे, असे प्रयत्नही चालू आहेत. अशा मांडवावर एक जरी परका जंतू शिरला, तरी सारे श्रम वाया जातात. म्हणून तेथील प्रत्येक बाटली आणि प्रत्येक द्रव आधी निर्जंतुक केला जातो. हंसाच्या मानेच्या चंबूंनी शिकविलेला धडा आजही प्रयोगशाळेत पाळला जातो, तो असा.

कातडी कमावणाऱ्याच्या या मुलाला असामान्य बुद्धीचे वरदान होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. समोर आलेला प्रश्न, मग तो कारखानदाराचा असो, शेतकऱ्याचा असो की दारात उभ्या असलेल्या मातेचा असो, त्यांनी आपला मानला. जे पाहिले, ते पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. आणि अर्धे शरीर लुळे पडल्यावरही सत्तावीस वर्षे हे व्रत चालविले.